कोल्हापुरात निवांत बसायचं असेल तर कुठे जायचं? बागांचा रिव्ह्यू, फक्त शांततेच्या हिशोबाने

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपलं ठरलेलं असतं, सकाळी अंबाबाईचं दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा आणि संध्याकाळी रंकाळा चौपाटी. तिथे भेळ खायची, पोरांना घोड्यावर बसवायचं, फोटो काढायचे आणि घरी यायचं. मजा येतेच, त्यात वादच नाही. पण कुणी विचारलं की "इथे जरा शांत बसायला कुठे जायचं?" तर आपल्याकडे पटकन उत्तर नसतं आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण शहरात आणि शहराच्या आसपास तशा जागा आहेत, चांगल्या आहेत, फक्त आपण तिथे चुकीच्या वेळेला जातो नाहीतर जातच नाही. म्हणून हा रिव्ह्यू लिहायला घेतलाय. खेळणी किती आहेत, कारंजं चालू आहे का, सेल्फी पॉइंट कुठे आहे हे यात सापडणार नाही. काही विकत न घेता, कुणी न हटकता तासभर बसता येतं का, एवढंच मी बघितलंय.

आणि आधीच सांगते, इतक्या बागांत बसून माझं एक मत पक्कं झालंय. बाग शांत राहते ती झाडांमुळे, आणि ती झाडं जुनी पाहिजेत. लॉन कितीही हिरवंगार असू दे, एप्रिलमध्ये दुपारी त्याच्यावर कोण बसणार? मग काय होतं, अख्खं गाव ऊन उतरल्यावर एकदमच येतं, साडेपाच ते आठ नुसती जत्रा आणि बाकी दिवसभर बाग रिकामी भाजत पडलेली. जिथे मोठ्या झाडांची सावली आहे तिथे माणसं दिवसभर थोडी थोडी येत राहतात, कुणी सकाळी पेपर घेऊन, कुणी दुपारी डबा घेऊन, त्यामुळे गर्दी अशी कधी साठतच नाही. झाडांनी रस्त्याचा आवाज काही बंद होत नाही, पण माणसं विखुरतात आणि शांतता त्यातूनच येते.

या हिशोबाने माझ्याकडून पहिला नंबर टाऊन हॉलच्या बागेचा.

भाऊसिंगजी रोडला, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या समोर. बाहेर रिक्षा, केएमटीच्या बस, अॅम्ब्युलन्सचे सायरन, दसरा चौकाकडे जाणारं ट्रॅफिक, हे सगळं आहे. आत पाऊल टाकलं की ते सगळं दहा-पंधरा पावलांत मागे पडतं. मधे ती काळ्या दगडाची उंच टोकदार छपराची इमारत, १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपला न्यू पॅलेस त्यांचाच आणि बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसची सुरुवातही त्यांच्याच आराखड्यावर झाली, म्हणजे केवढ्या मोठ्या माणसाचं काम आपण रोज बसच्या खिडकीतून बघत जातो बघा. आत आता म्युझियम आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ज्या वस्तू निघाल्या त्यातली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची छोटीशी मूर्ती इथेच आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठचं हे गाव रोमशी व्यापार करत होतं याचा एवढा सुंदर पुरावा आपल्या गावात आहे आणि कित्येक कोल्हापूरकरांनी तो बघितलेला नसतो. सोमवारी म्युझियम बंद असतं, त्यामुळे तेही बघायचं असेल तर दुसरा वार धरा.

पण मी बागेबद्दल लिहितेय. झाडं इतकी उंच आणि जुनी आहेत की मे महिन्यात दुपारी दोन वाजतासुद्धा खाली सावलीच असते, आणि वर मान करून बघितलं की फांद्यांना वटवाघळं लटकलेली. पहिल्यांदा येणारे जरा बिचकतात, वासही येतो थोडा, पण ही फळं खाणारी मोठी वटवाघळं आहेत, कुणाला काही करत नाहीत. उलट वड, उंबर, जांभळाच्या बिया लांब लांब नेऊन टाकायचं काम तीच करतात. दुपारी ती अंगाभोवती पंख गुंडाळून झोपलेली असतात, मधूनच एखादं जागं होतं, एका पंखाने वारा घेतं, शेजारच्याशी कचाकचा भांडतं आणि परत गप्प. दिवस मावळला की एकेक सुटायला लागतं आणि पाच-दहा मिनिटं आभाळात नुसती त्यांचीच ये-जा. ते बघायला तरी एकदा संध्याकाळी थांबा. फक्त बाक निवडताना वर बघून निवडा.

या बागेबद्दल मला सगळ्यात जास्त काय वाटतं सांगू का, ती सीपीआरमधल्या पेशंटच्या नातेवाईकांची बाग आहे. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड, पार कोकणातून आणि सीमाभागातूनही माणसं पेशंट घेऊन येतात, आठ-आठ दिवस राहतात. वॉर्डात एकालाच थांबू देतात, मग बाकीच्यांनी जायचं कुठे? ते इथे येतात. झाडाखाली चादर टाकतात, डबा सोडतात, थोडं पडतात. एकदा माझ्या शेजारी गारगोटीकडच्या एक आजी येऊन बसल्या, नातवाचं ऑपरेशन झालं होतं. पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडून माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "खा गं बाई, एकटीनं खाऊ वाटत न्हाई. तिकडं वॉर्डात जीव नुसता घाबरा हुतोय, हितं आलं की जरा सुचतंय." मिरचीच्या ठेच्याबरोबर ती गार भाकरी आम्ही दोघींनी खाल्ली. मग त्या पदर डोक्यावरून ओढून झाडाला टेकल्या आणि दोन मिनिटांत त्यांना झोप लागली. एखादी बाग काय काम करते हे मला त्या दिवशी जेवढं दिसलं तेवढं आधी कधी दिसलं नव्हतं. म्हणून इथे येणाऱ्यांना हात जोडून विनंती, मोबाईलचा स्पीकर बंद ठेवा. शेजारी झोपलेलं माणूस रात्रभर जागं असू शकतं.

पाचपैकी पाच, माझ्याकडून.

दुसरी जागा शिवाजी विद्यापीठ. हो, ती काही पब्लिक गार्डन नव्हे, मला माहितीय, पण ८५३ एकरांचा कॅम्पस आहे आणि सकाळी निम्मी राजारामपुरी आणि सागरमाळ तिथेच फिरायला असते, त्यामुळे रिव्ह्यूतून वगळणं बरोबर नाही. १९६२ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा हा सगळा उघडा माळ होता. आज तिथे जे रान दिसतं ते लावलेलं, जगवलेलं आहे, पावसाचं पाणी अडवून तळी आणि विहिरी भरून ठेवलेल्या आहेत म्हणून टिकलेलं आहे. माळावर झाड जगवणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. खाली मुरूम, वर वारा, मार्चनंतर पाणी नाही.

मेन बिल्डिंगसमोर शिवाजी महाराजांचा १९७४ चा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे सकाळी सकाळी गेलात तर फोटो काढणारे, व्यायाम करणारे, घोळक्याने गप्पा मारत चालणारे असतात, म्हणजे शांत नाही. तिथून पुढे आतल्या रस्त्यांना लागा, तळ्यांच्या बाजूला. पाच-सात मिनिटं चाललं की माणसं एकदम कमी होतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर मोर ओरडायला लागतात आणि तो आवाज इतका जवळून येतो की दचकायला होतं. हिवाळ्यात शेजारच्या राजाराम तलावावर पक्षी येतात, दुर्बीण असेल तर घेऊन जा.

आणि बॉटनी डिपार्टमेंटचं बोटॅनिकल गार्डन. हे मात्र थेट घुसायचं ठिकाण नव्हे, विभागात रीतसर विचारून, शक्यतो कामाच्या दिवशी जा आणि कशालाही हात लावू नका. पाम, बांबू, निवडुंग असं बरंच आहे पण मी जाते ते कंदीलपुष्पासाठी. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. याच्या भारतातल्या बऱ्याच प्रजाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, फक्त आपल्या सह्याद्रीत, त्यातल्या काही तर इतक्या दुर्मिळ की एखाददुसऱ्या डोंगरावरच उरलेल्या. त्या शोधून, वाढवून, परत जंगलात लावायचं काम या विभागाने केलंय, डॉ. एस. आर. यादव सरांचं नाव यात देशभर घेतलं जातं.

साधारण ऑगस्ट-सप्टेंबरला हे फूल बघायला मिळतं. बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढं, खाली फुगीर, मधे बारीक नळी आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली, मधे खिडक्या. बारीक माशी वासाने खिडकीतून आत जाते, नळीतून खाली उतरते आणि अडकते, कारण नळीच्या आत केस असतात ते खालच्या दिशेला वळलेले. उतरता येतं, वर चढता येत नाही. मग ती तळाशी फिरत राहते, परागकणांची पुडी तिला चिकटते. नंतर ते केस वाळून गळतात, वाट मोकळी होते, माशी बाहेर पडते आणि दुसऱ्या फुलात जाऊन तोच उद्योग. मी वाकून वाकून एका फुलाकडे बघत बसले होते तर आतली माशी खरोखर नळीच्या भिंतीवरून सावलीसारखी हलताना दिसली. पाऊस भुरभुरत होता, छत्री एका हातात, चष्म्यावर थेंब आणि समोर एवढ्याशा फुलात एवढं मोठं कारस्थान चाललेलं. नाद खुळा! शाळेच्या सहली वॉटर पार्कला नेतात त्यांनी वर्षातून एकदा तरी परवानगी काढून पोरांना इथे आणलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता रंकाळा. रंकाळ्याला शांत म्हणायचं का यावर आमच्या घरात कायम वाद असतो. माझं म्हणणं, वेळ सांगा मग उत्तर देते. संध्याकाळी चौपाटी म्हणजे गाड्यांचा धूर, गाडेवाल्यांच्या हाका, पिपाण्या. तोच रंकाळा पहाटे सहाच्या आत बघा. गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, तो प्यायचा आणि चालत तलावावर यायचं. पाण्यावर धुकं, पलीकडे शालिनी पॅलेसचा टॉवर अर्धाच दिसतोय, पाणकावळे पंख पसरून बसलेत, काळे वारकरी पक्षी पाण्यात बुड्या मारतायत. तलावाच्या कडेने गेलेलं पदपथ उद्यान चालायला सगळ्यात बरं, लांबलचक आहे, एका बाजूला पाणी आणि एका बाजूला झाडं, मधे मधे बाक.

तलावातला दगडी संध्यामठ बघायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये जा, पाणी उतरलेलं असतं आणि तो बराचसा उघडा पडतो. पावसाळ्यात त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. आबालाल रेहमान यांनी मुंबईत चित्रकला शिकून परत कोल्हापुरात येऊन कोटीतीर्थाच्या काठी राहून जी निसर्गचित्रं केली त्यात रंकाळा, संध्यामठ सगळं आहे. त्या पहाटेच्या उजेडात उभं राहिलं की तो माणूस मोठ्या शहरात का थांबला नाही हे पटतं. शालिनी पॅलेस त्यांच्या पाहण्यातला नसावा, तो १९३१ ते १९३४ ला बांधला आणि ते १९३१ लाच गेले.

रंकाळ्याची काळजी मला वाटते ती केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची. मैलापाणी मिसळलं की पाण्यात खत वाढतं आणि केंदाळ फोफावतं, मग ते पाणी झाकून टाकतं, खाली उजेड जात नाही, हवा विरघळत नाही, मासे गुदमरतात. काढलं की काही दिवस बरं, मूळ कारण तसंच राहिलं की परत येतं. मोठ्या गणपतींचं विसर्जन शेजारच्या इराणी खणीत व्हायला लागलं हे फार चांगलं झालं. मात्र अनंत चतुर्दशीच्या आसपास त्या भागात शांतता शोधायला जाऊ नका, अख्खं कोल्हापूर तिथे असतं आणि असलंच पाहिजे.

पहाटेला पाचपैकी साडेचार, संध्याकाळी शांततेला एक. भेळेला वेगळे मार्क.

बाकीच्या पटापट सांगते. महावीर उद्यान, नागाळा पार्कला कलेक्टर ऑफिसजवळ. सकाळी वॉकवाल्यांची गर्दी असते, दुपारी मात्र खरंच छान, सरकारी कामाला आलेली माणसं कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन नंबर येईपर्यंत इथे टेकतात. ऑफिसातलं काम अडलं की अर्धा तास इथे बसून परत जायचं, डोकं थंड होतं. तिथून बाहेर पडल्यावर नागाळा पार्क, ताराबाई पार्कच्या रस्त्यांवरूनही थोडं चाला. जुने वर्षावृक्ष रस्त्यावर कमान करून उभे आहेत, संध्याकाळ झाली की त्यांची पानं मिटतात, एकेक पानाचं जोड दुमडून खाली झुकतं आणि मघाशी झाकलेलं आभाळ मोकळं दिसायला लागतं. उन्हाळ्यात त्यांच्या गुलाबी तुऱ्यांचा सडा पडलेला असतो.

हुतात्मा पार्क, शहराच्या मधोमध, जयंती नाल्याच्या कडेला. सकाळी दहा ते बाराच्या मधे पेन्शनर मंडळी, पेपर, राजकारण. शांत म्हणता येणार नाही, पण आपलेपणा आहे. माझ्या सासऱ्यांना तीच बाग आवडते, ते म्हणतात मला शांतता नको, मला माणसं पाहिजेत, आणि त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे.

टेंबलाईची टेकडी वेगळी. तिथे देवीचं दर्शन होतं आणि वर वाराही असतो, शहर खाली पसरलेलं दिसतं. आषाढात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्याच यात्रेला आणि नवरात्रात ललिता पंचमीला, कोहळा फोडण्याच्या दिवशी, प्रचंड गर्दी, एरवी मधल्या वारी दुपारनंतर गेलात तर मोकळी. सावली मात्र कमी, टोपी ठेवा.

नर्सरी बागेत शाहू महाराजांचं समाधीस्थळ आहे. तिथे मी बाग म्हणून जात नाही, नमस्कार करायला जाते, पण परिसर नीट ठेवलेला आहे आणि तिथे गेलेली माणसं आपोआप हळू बोलतात, कुणी सांगावं लागत नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगायचीय, कुठल्या बागेत ते लिहीत नाही कारण ही एकाच बागेची गोष्ट नाही. माझ्या एका आवडत्या बागेत सुशोभीकरण झालं. नवे दिवे, ओपन जिम, रंगीत बाक, आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक, अगदी झाडांच्या बुंध्याला भिडवून. त्यातला एक मोठा पिंपरणीचा वृक्ष होता, त्याच्या बुंध्याभोवती गोल सिमेंटचा कट्टा बांधला, बसायला छान म्हणून. पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचा शेंडा वाळायला लागला. साधी गोष्ट आहे, मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, आणि मोठ्या झाडाची कामाची बारीक मुळं बुंध्यापासून लांब, फांद्यांच्या पसाऱ्याएवढी आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. वरची माती बंद केली की झाड लगेच मरत नाही, हळूहळू उपाशी मरतं, आणि मग एखाद्या वळवाच्या पावसात उन्मळून पडलं की आपण वाऱ्याला दोष देतो. तिथल्या माळी काकांनी मला दाखवलं, फरशीच्या फटीतून त्यांनी कांब घालून बघितली होती, खाली माती खडखडीत कोरडी, पाऊस पडून गेलेला असताना. ते म्हणाले, "ताई, निम्मं पाणी गटारात चाललंय. मी पाइप लावतोय पण जातंय कुठं त्याला मुळापर्यंत." त्यांच्या चेहऱ्यावरची हळहळ मला विसरता येत नाही.

आपल्याकडे झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज झाडाचा दर्जा मिळाला. तोडायचं असेल तर हा कायदा आडवा येतो. पण बुंध्याला सिमेंट लावून झाड मारलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या बागेत असं दिसलं तर वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या, फोटोसकट, आणि पोच घ्या. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती मोकळी ठेवा एवढंच मागायचं. मी दिलाय. कट्टा अजून तसाच आहे, पण दोन झाडांभोवतीच्या फरश्या काढल्या, हेही सांगायला पाहिजे.

शेवटी शहराबाहेरची एकच, पण महत्त्वाची, पन्हाळ्याचं तबक उद्यान. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. शिवाजी पुलावरून रत्नागिरी रोडला लागायचं, वाघबीळला वळायचं. एसटी आहे, टू व्हीलर सगळ्यात सोयीची. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की हा रस्ता बंद होतो, २०१९ आणि २०२१ चा अनुभव आहेच, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी बातम्या बघून निघा.

पन्हाळा रविवारी म्हणजे गाड्यांची रांग नाक्यापासूनच. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, सगळीकडे माणूस. पण या गर्दीतलं फार थोडं माणूस तबक उद्यानाकडे वळतं आणि वळलं तरी वरवर बघून परत जातं. ते उद्यान म्हणजे निम्मं रानच आहे. जांभूळ, आंबा, उंच उंच दाट झाडी, पायऱ्यांनी खाली उतरत गेलं की उजेड कमी कमी होत जातो, पायाखाली पानांचा थर, दगडांवर शेवाळ. पावसाळ्यात झाडांच्या खोडांवर सुद्धा हिरवं उगवतं, नेचे, मॉस आणि कधीकधी एखादी आमरी, म्हणजे ऑर्किड. गडाची उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या वर, त्यामुळे ढग सरळ झाडांतून चालत येतात आणि पाऊस थांबला तरी पानांवरून तासभर पाणी ठिबकत राहतं. मे महिन्यातही खाली कोल्हापुरात अंगाची लाही होत असताना इथे शर्टाची बाही खाली करावीशी वाटते.

मी इथे एकटीने जाताना दिवसाच जाते, चारच्या आत वर येते आणि कुणाला तरी सांगून जाते, तुम्हीही तसंच करा, झाडी दाट आहे आणि आत रेंजचा भरवसा नाही. माकडं आहेत, हातात खाण्याची पिशवी दिसली की सोडत नाहीत, डबा बॅगेत ठेवा. पावसात पायऱ्या प्रचंड निसरड्या होतात, गुडघे दुखणाऱ्या माणसांना खाली नेऊ नका, त्यांना वरच्या भागात बाकावर बसवा, तिथूनही झाडी दिसते. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. प्लॅस्टिकची बाटली परत घेऊन या.

मंगळवार-बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेलात तर कधीकधी अख्ख्या उद्यानात तुम्ही एकटेच असता. पाचपैकी पाच दिले असते, पण वयस्कर माणसांना जमणार नाही म्हणून साडेचार. वर आल्यावर झुणका-भाकर, खर्डा आणि दही खायचंच, चुलीवरची भाकरी करणाऱ्या मावशी बऱ्याच आहेत, जिथे तव्यावरची भाकरी थेट ताटात येतेय तिथे बसा. गाडी नाक्याजवळच्या गर्दीत न लावता पुढे मोकळ्या जागेत लावा, नाहीतर निघताना अर्धा तास रिव्हर्स घेण्यातच जातो.